जानू वाट चुकला नव्हता

बातमी मोबाइलवर आली. सकाळचे सव्वासात झाले होते, शाळेची प्रार्थना व्हायची होती, आणि आमच्या चिंचणी गावच्या ग्रुपवर कुणीतरी पुढे पाठवलेला निरोप झळकला… कुंभवलीजवळ टँकरच्या धडकेत कामगार ठार, चुकीच्या बाजूने चालत असल्याने अपघात. नाव खाली, जागा उरली म्हणून घातल्यासारखं. जानू वरठा. मी ते तीनदा वाचलं आणि खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रस्त्याला पदपथ नाही. पदपथ नसेल तर उजव्या हाताने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालावं, हे मी दरवर्षी सहावीच्या मुलांना शिकवते. जानू तसाच चालत होता, पहिल्या पाळीला कामावर निघाला होता. मागून दुसऱ्या गाडीला ओलांडून टँकर घुसला तो त्याच्या अंगावर. तरी चूक जानूची. मेल्यावरसुद्धा.

आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मी त्याच्याबद्दल जे जे ऐकलं त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि त्या खोट्याची सुरुवात माझ्यापासून झाली आहे. म्हणून हा लेख.

जानू माझ्या विद्यार्थिनीचा, मनीषाचा बाप. जन्म डोंगरातल्या एका पाड्यावरचा, पण वीस-बावीस वर्षं कुंभवलीत खोली घेऊन राहिलेला, एका कारखान्यात बॉयलरवर कामाला. परीक्षा देऊन मिळवलेलं बॉयलरचं प्रमाणपत्र त्याने खोलीत देवाच्या तसबिरीशेजारी लावलं होतं. बारा वर्षांपूर्वी पालकसभेला आला तेव्हा बाकीचे पालक गुणांची विचारपूस करत होते आणि हा मागच्या भिंतीपाशी उभा. भिंतीवर मी स्वतः काढलेला तालुक्याचा मोठा नकाशा होता, नद्या-डोंगरांसकट. सभा संपल्यावर हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या नकाशात आमचा ओहोळ उलटा वाहतो हाय." मी भूगोलाची शिक्षिका. मला राग आला. पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर त्याच्या पाड्यावर गेले, ओहोळ पाहिला, आणि सोमवारी पांढरा रंग आणून नकाशा दुरुस्त केला. मैत्रीची सुरुवात ही अशी झाली.

मग आमचा चौघांचा एक कंपू जमला. मी, जानू, माझा मामेभाऊ विलास, त्याची चिकूची वाडी आहे, आणि जानूच्याच कारखान्यातला तिवारी, बोईसरला राहणारा. पावसाळा सरला की महिन्यातून एक रविवार डोंगर. जानू काही संत नव्हता. भराभर चालायचा आणि मागचे धापा टाकू लागले की वैतागायचा. कुठून जायचं ते आधी कधीच सांगायचा नाही. दुसऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चिक्की न विचारता संपवायचा. विलासच्या महागड्या बुटांवर त्याचा विशेष रोख होता. "शेठ, आज तुमी चालताय का बूट चालताय?" असं तो दर चढाला विचारायचा, आणि विलास हसायचा, पण ते हसू ओठांपुरतंच असायचं हे मला ठाऊक होतं. जानू विलासला शेठ म्हणायचा, मला बाई म्हणायचा, आम्ही दोघं त्याला नुसतं जानू म्हणायचो. तो आमच्या बरोबरीचा मित्र आहे असं मी सगळीकडे सांगत असे. तो एकटा आम्हाला 'तुमी' म्हणतो, याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या थंडीत त्याने एक वाट काढली. त्याच्या आईचं माहेर डोंगररांगेच्या पलीकडे. आता गाडीरस्ता लांबून वळसा घालून जातो, पण त्याच्या लहानपणी आई त्याला घेऊन डोंगरावरूनच जायची, डोंगराच्या दोन धारा ओलांडून. ती पायवाट वीस वर्षांत कुणी तुडवली नव्हती. गवत, कारवी, घाणेरी, सगळं माजलेलं. जानूला ती एकदा चालायची होती, आणि आम्हाला घेऊन चालायची होती. "माज्या मामाच्या गावाला माज्या दोस्तांना चालत नेणार," असं तो कारखान्यात सांगत फिरला होता, हे मला तिवारीने सांगितलं. उजाडता निघालो. पहिली धार चढतानाच माझे हात कारवीने सोलून निघाले. पायाखाली दगड आहे की खड्डा ते गवतातून दिसेना. विलास दर अर्ध्या तासाने मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता. जानू मात्र लहान मुलासारखा खूश… इथे आई बसायची, इथे तिने मला करवंदं काढून दिली, असं सांगत पुढे पुढे.

आता त्याची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. दोन वाटा फुटल्या की जी घ्यायची नाही तिच्यावर तो पाल्याची एक डाहळी मोडून आडवी टाकायचा. त्यांच्याकडे याला वाट मोडणं म्हणतात. डाहळी पडली की ती वाट बंद, मागून येणाऱ्याने तिकडे फिरकायचं नाही. सात वर्षं आम्ही त्या डाहळ्यांच्या भरवशावर चाललो होतो. त्या दिवशी दुसऱ्या धारेच्या खिंडीत दुपारी वारा असा सुटला होता की टोपी डोक्यावर राहीना. जानू पाणी शोधायला पुढे गेला आणि फाट्यावर त्याने डाहळी टाकली. ती उडून जाईल म्हणून, आडवी न टाकता, दगडांच्या फटीत उभी खोचली.

मी सगळ्यांच्या पुढे होते. मी ती उभी डाहळी पाहिली आणि बेधडक तिच्याच बाजूला वळले. आता हसू नका. मी चिंचणीची. आमच्या खाडीत ओहोटीला चिखलातून होडी कुठून न्यायची ते कळावं म्हणून तिवराची पाला असलेली डाहळी उभी रोवतात. डाहळी उभी दिसली की तिकडे पाणी, तिकडे वाट. वडिलांबरोबर होडीतून जाताना ती आधी दिसावी म्हणून मी पुढे बसायची. डोंगराच्या डोक्यावर, समुद्रापासून इतक्या लांब, दमलेल्या डोक्याने मी खाडीचा नियम लावला. विलासने मागून विचारलंसुद्धा, "ताई, नक्की?" मी म्हटलं, नक्की.

ती एक घसाऱ्याची अरुंद नाळ निघाली, पाणी कोसळून कोरलेली. अर्ध्यावर तिवारी घसरला, गुडघा मुरगळला, उठता येईना. वर जाता येत नाही, खाली दहा पुरुष खोल कडा. पाणी संपलेलं. तिथे मात्र विलासच्या मोबाइलला रेंज सापडली, आणि त्याने खाली ओळखीच्या कुणालातरी फोन करून सांगितलं, "वाटाड्या आम्हाला सोडून गेलाय, आम्ही अडकलोय." मी हे कानांनी ऐकलं. वाटाड्या! सात वर्षांच्या मैत्रीत तो शब्द आमच्यात कुणी उच्चारला नव्हता. वाटाड्या म्हणजे पैसे देऊन घेतलेला माणूस. जानूने स्वतःच्या आईची वाट आम्हाला दाखवायला काढली होती.

जानू पाणी घेऊन परतला, आम्ही नाही, म्हणून हाका मारत उलटा चढला आणि नाळेच्या तोंडाशी आला. उतरला, तिवारीला पाणी पाजलं, आपला पंचा फाडून गुडघा घट्ट बांधला, आणि कड्याच्या बाजूने, कारवीची मुळं धरत, आम्हाला एकेक करून आडवं काढलं. पुढची उतरण चार तासांची होती. तिवारी चांगला जाडजूड गडी, त्यातला निम्मा वेळ तो जानूच्या पाठीवर होता. दिवस मावळायला मामाच्या गावात पोहोचलो तेव्हा तिथे पोलीस, वनखात्याचा माणूस आणि अख्खं गाव जमलेलं. वाटाड्या कोण, असं विचारल्यावर जानू म्हणाला, "मी पुढं व्हतो. मी चुकलो." आपल्या मामाच्या दारात, मामासमोर. आणि मी, दरवर्षी मुलांना दिशा शिकवणारी बाई, मूग गिळून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बातमी फिरली. तीन गिर्यारोहक बचावले, स्थानिक वाटाड्या वाट चुकला. चार माणसं डोंगरावर गेली होती, बातमीत तीन उतरली. मी त्याच्या खोलीवर गेले, म्हटलं, जानू, मी सगळ्यांना खरं सांगते. तो भाजी निवडत बसला होता. "राहू द्या, बाई. तुमच्याकडं पोरं नकाशा शिकतात. ती हसतील. मी डोंगरातला, मला दोन दिवस हसतील आन् गप बसतील." मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. विलासला मी खरं सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे ताई, उगाच विषय वाढवू नकोस."

दोन दिवस! पाच वर्षं हसले लोक. कारखान्यात त्याला 'रस्ता चुकलेला' असं नावच पडलं. सुपरवायझर त्याला कँटीनची दिशा दाखवायचा आणि चारजण दात काढायचे. पाड्यावरची तरुण पोरं त्याला विचारेनाशी झाली. जो माणूस आख्ख्या रांगेचा ओहोळ न् ओहोळ जाणत होता, तो त्यानंतर आमच्याबरोबर आला तेव्हा मागून चालायचा. आम्ही काही म्हटलं नाही. पुढे कोण, हा प्रश्न आम्ही चतुराईने टाळला आणि मोबाइलवरच्या नकाशाने चालू लागलो.

बोईसरला शोकसभा झाली. विलास बोलायला उभा राहिला. छान बोलतो तो. म्हणाला, "जानू धाडसी होता, दिलदार होता, पण त्याची वाट कधीकधी चुकायची. दुर्दैवाने शेवटीही तसंच झालं…" लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत मनीषा बसली होती, तिने मान खाली घातली. माझ्या शेजारी तिवारी होता. तो पुटपुटला, "गलत बोल रहे हैं, मैडम जी. आप उठिए ना." विलासला खरं माहीत होतं. मला खरं माहीत होतं. विलासचा मला संताप आला आणि अजून उतरलेला नाही, पण निदान तो उभा तरी राहिला. मी उठले नाही. घरी येऊन त्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. बंद खोलीत फोनवर बोलण्याला धैर्य लागत नाही.

जानूच्या दिवसांना पाड्यावर गेले होते. त्याची आई ओसरीवर बसलेली, पाठीत वाकलेली, पण नजर लख्ख. सगळ्यांदेखत तिने मला विचारलं, "बाय, माजा पोर माज्या माहेरची वाट चुकला काय?" मी म्हटलं, आजी, ते जुनं झालं, आता कशाला… आणि जेवायला बसले. तिच्या घरचा भात खाल्ला.

मागच्या रविवारी पुन्हा गेले, एकटी. मनीषा दारात उभी होती. म्हातारी ओसरीवर तिथेच होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, वारा, खिंड, उभी डाहळी, सगळं. तुमचा जानू चुकला नव्हता, मी चुकले होते. ती म्हणाली, "तवा विचारला आन् तू गप बसलीस, तवाच मला कळला. आता कानात कशाला सांगतेस? त्याला चुकला म्हणलात ते चार माणसांत. तिथं जाऊन सांग."

ओसरीच्या खांबाला टेकून एक जागा आहे. दर रविवारी पाड्यावर आला की जानू तिथे बसून बूट काढायचा, आणि सारवलेल्या जमिनीवर त्या जागी थोडी झीज पडली आहे. उभं राहून माझे पाय भरून आले होते. मी तिथे टेकायला गेले तर म्हातारीने जमिनीवर हात ठेवला आणि ती जागा झाकली.

"सांगून ये," ती म्हणाली. "मंग बस."