राक्षसाचे कान

त्याला सगळे कानकाप्या म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. धंदाच तसला! गोंडस, लोंबत्या कानांचं पिल्लू यायचं, हा त्याचे कान आणि शेपूट छाटायचा, टाके घालायचा, की काही दिवसांत ते यमदूत दिसायला लागायचं. पिल्लू किंचाळायचं, रक्त ओट्यावरून ठिबकायचं आणि हा गिऱ्हाइकाला सांगायचा, "शेठ, चोर काय कुत्र्याचा स्वभाव विचारत बसतो? त्याला दिसायला पाहिजे!"

स्वतःला मात्र कधी कुत्रं चावू दिलं नाही. थोराड कुत्र्यांचे कान मागे पडले, शेपूट पोटाखाली गेली, की कुत्रं भ्यालंय, आता चावणार हे ओळखून हा हात मागे घ्यायचा. तोंडावर भुलायचाच नाही.

आता गंमत बघा. असला हा गडी माणसाच्या तोंडावर भुलला. लेकीसाठी जावई शोधला तो देखणा, मऊ बोलणारा, मोत्यांसारखे दात असलेला. भंगाराचं गोदाम होतं त्याचं. बायको म्हणाली, "अहो, चार ठिकाणी चौकशी तरी करा."

"चौकशी कशाला? तोंड बघ की त्याचं!"

लग्नानंतर लेक दोनदा येऊन रडून गेली. "बाबा, हात उचलतात हो ते." कानकाप्या तिच्यावरच खेकसला, "असल्या तोंडाचा माणूस? तूच काहीतरी टाकून बोलली असशील. गप संसार कर." ती गप्प झाली ती झालीच.

मग एका दुपारी जावयाचा फोन आला. "मामा, राक्षसानं हिचा हात फाडला. या लवकर. त्याला संपवायचंय." राक्षस म्हणजे गोदामावरचा काळा कुत्रा, डोकं हे एवढं थोरलं. त्याचे कान आणि शेपूट सासऱ्यानंच छाटली होती.

गोदामात पत्र्यांच्या ढिगाजवळ साखळीला राक्षस ताठ उभा होता. डोळ्याखालून रक्त गळत होतं. जावयाच्या हातात लोखंडी सळई. "धरा मामा, मान धरा. दिसतोच कसा खुनशी, बघा!"

कानकाप्यानं मान धरली. सवयीनं नजर कानांकडे गेली, तर तिथं दोन खुंट. शेपटीच्या जागीही खुंटच. काय कळणार, कप्पाळ? पण हाताखाली ते धूड चळाचळा कापत होतं. खाली मुतलं होतं. जनावर भीतीनं अर्धमेलं झालं होतं आणि ते सांगायला यानं त्याच्याकडे काही ठेवलंच नव्हतं.

दाराशी लेक उभी होती, हाताला फडकं बांधून. तीही तशीच ताठ.

"इकडे ये. बघू," तो म्हणाला.

"बघायचंय काय त्यात? धरा ना!" जावई ओरडला.

त्यानं फडकं सोडलं. कुत्रं चावलं की सुळ्यांची खोल भोकं पडतात, मांस फाटतं. इथं समोरासमोर दोन काळ्यानिळ्या कमानी होत्या, बारीक, एकसारख्या दातांच्या. मोत्यांसारख्या.

"बाबा, त्याला मारू नका," लेक एवढंच म्हणाली.

कानकाप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं सळई हिसकली आणि त्या देखण्या तोंडावर घातली. दात पत्र्यावर खडखडले. जावई उठू लागला तर दुसरा तडाखा खांद्यावर, कडकन. तिसऱ्यानं डोकंच फुटलं असतं, पण लेकीनं हात धरला. "बाबा, पुरे. मला घरी न्या." त्यानं साखळी सोडून तिच्या हातात दिली.

आरडाओरडा ऐकून फाटकाशी माणसं जमली होती. शेजारच्या वेल्डरनं रक्त थुंकणारा जावई बघितला, राक्षस बघितला आणि दगड उचलला. "यानंच फाडलं ना? तोंडावरूनच कळतंय!"

राक्षस लेकीच्या पायांत शिरला. कानकाप्या आडवा आला.

"त्यानं नाही. मी."

"तुम्ही? काहीतरीच काय, काका! तुम्ही कशाला जावयाला माराल?" वेल्डरनं दगड काही टाकला नाही.

"दगड टाक खाली," कानकाप्या म्हणाला आणि रक्तानं माखलेली सळई त्यानं वेल्डरच्या पायाशी फेकली.