केळुसकरांचा नंबर

लंडनहून बहरीनला आलेल्या कोणालाही श्रीधर केळुसकर पहिला प्रश्न विचारत, "किती तास लागले?" समोरचा साडेसहा, पावणेसात असे काही सांगे. केळुसकर मान हलवत आणि म्हणत, "शहात्तर साली चार लागायचे. आणि म्हणे जग पुढे चाललंय." पाहुण्याचे पाणीही पिऊन झालेले नसे.

त्यांचे म्हणणे खरे होते, हीच अडचण होती. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्डची प्रवासी सेवा १९७६च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या दोन मार्गांपैकी एक लंडन-बहरीन होता. जमिनीवर आवाजाचा दणका बसू नये म्हणून युरोपवरून ते विमान वेग आवरून जाई आणि समुद्र लागला की सुटे. वेंगुर्ल्याहून आलेले केळुसकर त्या वेळी बहरीनमधल्या मुहर्रकच्या विमानतळावर प्रवाशांची तिकिटे तपासणारे तरुण कारकून होते. न्यूयॉर्कची सेवा नंतरच्या वर्षी सुरू झाली. कॉन्कॉर्ड पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेले, असे कोणी चुकून म्हटले तर त्याची धडगत नसे. मराठी मंडळाच्या एका गणेशोत्सवात निवेदिकेने ती चूक केली. केळुसकरांनी तिच्या हातून माइक घेतला, तो आरतीची वेळ टळेपर्यंत परत दिला नाही.

त्या विमानात ते स्वतः कधी बसले नाहीत. पुष्कळदा जागा रिकाम्या राहत. पुढच्या हिवाळ्यात अशा एखाद्या जागेवर तुझा नंबर, असे त्यांच्या साहेबाने त्यांना सांगितले होते. तो हिवाळा येण्याआधी बहरीनची सेवा बंद झाली. बरोबरच्या लोकांनी विषय सोडून दिला. केळुसकरांनी सोडला नाही.

त्यांची मुलगी केतकी लग्न होऊन लंडनला गेली, तेव्हा कॉन्कॉर्डचे शेवटचे उड्डाणही होऊन गेले होते. तरी त्यांनी जाहीर केले की लंडनला जाईन तर आवाजापेक्षा वेगाने. कोणीतरी नवे विमान बनवेलच. "माझा नंबर लागलाय. नंबर सोडायचा नसतो." भारतात मात्र ते मिळेल त्या विमानाने जात. त्यावर विचारले तर म्हणत, "मुंबईचं मला कोणी कबूल केलं नव्हतं."

बहरीनच्या राजधानीत, मनामात, एका वर्तमानपत्रात मी उपसंपादक आहे. जगात कुठेही एखाद्या कंपनीने नव्या वेगवान प्रवासी विमानाची घोषणा केली की त्यांचा फोन येई. "काय संपादक, पहिल्या पानावर घेतलंस ना?" मी संपादक नाही आणि पहिले पान माझ्या हातात नाही, हे मी त्यांना असंख्य वेळा सांगितले. "तीन-चार वर्षांत येतंय, इंशाल्ला," म्हणून ते फोन ठेवत. मी बहरीनला आलो तेव्हाही ते तीन-चार वर्षांतच येणार होते.

दरम्यान त्यांची पत्नी सुधाताई लंडनला एकट्या जात. नातीच्या बारशाला त्या एकट्या होत्या. केळुसकर सनाबिसच्या घरून त्यांना विमानतळावर सोडायला जात आणि आमसुलांची पिशवी नीट बांधली आहे ना, हे तपासत. सुधाताईंनी मागे लागून त्यांचा व्हिसा दोनदा काढला होता. दोन्ही वेळा तो न वापरता संपला.

गेल्या हिवाळ्यात केतकीच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली. एरवी ती वडिलांशी इंग्रजीत बोले. या वेळी फोनवर मराठीत म्हणाली, "बाबा, या वेळी या." तिसरा व्हिसा तयार होता. त्या संध्याकाळी केळुसकरांनी मला घरी बोलावले, ते एका नव्या विमानाची चाचणी यशस्वी झाल्याचे सांगायला. सुधाताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"चाचणी झाली म्हणजे आता फार लांब नाही," ते मला म्हणाले.

सुधाताईंनी हातातली साडी खाली ठेवली. "नंबर तिचा लागलाय, तुमचा नव्हे. या खेपेला मी एकटी गेले तर परत येणार नाही. खलास."

केळुसकर माझ्याकडे बघू लागले. मी चहाचा कप उचलला.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना विमानतळावर सोडले. काचेपलीकडच्या विमानाकडे पाहून ते पुटपुटले, "बैलगाडी." सुधाताई म्हणाल्या, "चला, जुंपलीय." ते गेले.

लंडनला धुके होते. विमान दुसऱ्याच शहरात उतरवले गेले आणि तिथून पुढचा प्रवास बसने झाला. ते रुग्णालयात पोचले तेव्हा केतकीला आत नेलेले होते. वडील आलेले नाहीत, एवढेच पाहून ती गेली होती.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढचे सुधाताईंनी मला फोनवर सांगितले. केतकीने डोळे उघडले तेव्हा केळुसकर समोर उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाली, "किती तास लागले, बाबा?"

सुधाताई म्हणाल्या, "तेव्हापासून तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसलेत."

त्याच आठवड्यात आणखी एका वेगवान प्रवासी विमानाची घोषणा झाली. त्यांचा फोन आला नाही. मी ती बातमी तीन ओळींत, आतल्या पानावर घेतली.