शेवटच्या रांगेतला ढोल

नमस्कार मंडळी. अल्बनीच्या बंदिस्त क्रीडागृहातला ढोलपथकाचा सराव आटोपून, बराच थकून, आत्ताच घरी पोहोचलो आहे.

सवयीने आम्ही आतही मिरवणुकीसारखीच लांब रांग लावली. स्नेहाताई अगदी शेवटी, जवळपास पन्नास मीटरवर. पथकप्रमुख दादांनी तीनदा वादन थांबवले.

"ताई, तुमचा ढोल लेट येतोय. मिरवणुकीत या वर्षी तुम्ही झेंडाच धरा."

ताई वर्षभर एकही सराव न चुकवता ढोल शिकल्या आहेत.

जर्मनीतल्या मोठ्या अरीनांच्या ध्वनिरचनेवर मी सहा वर्षे काम केले, त्यामुळे मला राहवेना. पुढच्या वादकांचा ठोका ताईंपर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागतो आणि त्यांचा ठोका परत यायला तेवढाच. अरीनांत म्हणूनच वादकांच्या कानात इयरफोन असतात, म्हणजे ठोका सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. हे सारे मी उत्साहाने, सविस्तर समजावले. कोणाला पटलेले दिसेना.

शेवटी मी म्हणालो, "दादा, तुम्हीच मागे उभे राहून पाहा."

दादा ढोल घेऊन मागे गेले. दोन मिनिटांत पोरे ओरडली, "दादा, यू आर हीप्स लेट! खूपच मागे!"

"अरे, हा हॉलच बेकार आहे!" दादा म्हणाले. सगळे हसले.

तोवर स्नेहाताईंनी ढोल पिशवीत भरला होता. "राहू द्या, मी झेंडा धरते."

त्या मागे पडल्या तेव्हा दोष त्यांचा, दादा मागे पडले तेव्हा हॉलचा. एवढे एक वाक्य मात्र मला तिथे बोलता आले नाही. तुम्ही बोलला असता का?