तिच्यापुरती तेलुगू

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. आईला सगळं कळलं होतं — मी सांगितलं म्हणून नव्हे, ती घरात होती म्हणून. तुम्ही नव्हता. त्यामुळे तुम्हाला सांगावं लागेल.

माझी मुलगी प्रज्ञा माझ्याशी मराठीत बोलत नाही. स्वतःच्या आईशी बोलते, मावश्यांशी बोलते, तामसी गावाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईशीही बोलते. माझ्याशी मात्र तेलुगू. कोणी विचारलं की मी सांगतो — वरंगलला नोकरी, दिवसभर कानावर तेच, सवय झाली. हे खरं नाही. ती वरंगलला गेली त्याच्या खूप आधीपासून हे असंच आहे.

महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, पण तेलुगू राज्यात असलेल्या आदिलाबादेत मी एका मराठी दैनिकाचा बातमीदार होतो. शाळांमधली मारहाण हा माझा विषय. कुठल्या गुरुजींनी कोणाचा हात सुजवला, हे मी तारखेसकट छापत असे. मी स्वतः शाळेत चिंचेच्या फोकेचा मार खाल्लेला. मूल झालं तेव्हा ठरवलं, हात उचलायचा नाही. ते मी पाळलं. एकदाही मोडलं नाही. ही फुशारकी नाही, नोंद आहे — पुढचं कळायला ती लागेल.

मग मूल चुकलं की करायचं काय?

मी तेलुगू बोलायचो. आमच्या घरात सगळं मराठीत चालतं — जेवण, भांडण, थट्टा. तेलुगू बाहेरची, कचेरीची, प्रेसनोटची. प्रज्ञानं दूध सांडलं, खोटं बोलली, की मी तिच्यापुरता मराठी बंद करायचो. आवाज चढवायचा नाही. कचेरीत आलेल्या माणसाशी बोलतात तसं, अदबीनं, लांबून. बाकीच्यांशी मराठी चालूच. ताटावर बसून आईशी, बायकोशी हसायचो, आणि प्रज्ञाकडे वळलो की चेहरा आणि भाषा दोन्ही बदलायची. सुरुवातीला बायको मला चिडवायची. "आले तहसीलदार सायेब. पोरी, दरखास्त दे आता." प्रज्ञाही हसायची. संध्याकाळपर्यंत मी मराठीत परत यायचो.

पद्धत कामाची होती. पोरगी लगेच वळणावर यायची. न मारता शिस्त लागते याचा पुरावाच घरात होता, आणि मी त्यावर लिहिलंही — पद्धत न सांगता.

ती चौथीत असताना एकदा शाळा बुडवून मैत्रिणीबरोबर आठवडी बाजारात गेली. आकाशपाळणा आला होता, तो बघायला. घरी येऊन म्हणाली, शाळेत होते. मला बाजारात एकानं सांगितलं होतं. पाळण्याचं मला काही नव्हतं. खोटं बोलणं मला चालत नव्हतं. खऱ्याची नोकरी करणाऱ्याच्या घरात खोटं? मी तेलुगू सुरू केली, आणि या वेळी संध्याकाळी थांबलो नाही. दसऱ्याच्या सुट्या लागल्या, संपल्या, तरी थांबलो नाही.

का थांबलो नाही? आता बरीच कारणं देता येतील. तेव्हा एकच होतं. मला वाटत होतं की ती अजून पुरती वाकलेली नाही.

त्या दिवसांत आई एकदा माझ्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. आईला तेलुगू येत नव्हती. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-वेचणी केलेली बाई, तिचं काम मराठीवर भागलं. ती म्हणाली, "काऊन रे, पोरगी हाय तुही का कचेरीत आलेली बाई? मी उभी होती तशी नको उभी करू तिले."

मी म्हणालो, "मी मारत नाही आई तिला."

"मारत नाही," ती म्हणाली. "तेच सांगून राह्यली मी."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला माहीत होतं. हे सांगायचं मी इथवर टाळलं. मी लहान असताना आई मला घेऊन घराच्या पट्ट्यासाठी, म्हणजे जागेच्या कागदासाठी, कचेरीत जायची. तिथल्या कारकुनाला मराठी चांगली यायची. एकदा आमच्या पुढं उभ्या असलेल्या शेतमालकाशी तो मराठीतच बोलला, त्याच्या पोरांची चौकशी केली, हसला. आईची पाळी आली तेव्हा तो तेलुगूत गेला. अगदी अदबीनं. आईला एक अक्षर कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. बाहेर आल्यावर तिनं पदरानं चेहरा पुसला.

म्हणजे ही पद्धत मला सुचली नव्हती. मी ती पाहिली होती. ती किती आत जाते, कुठं लागते, हे घरात मला आणि आईलाच ठाऊक होतं. आणि मी ती चौथीतल्या मुलीवर वापरली. नकळत नाही — कळून.

मग एका दुपारी मी घरी बातमी लिहीत बसलो होतो. एका मास्तरनं मुलीला वर्गाबाहेर उन्हात उभं केलं होतं, त्याची. प्रज्ञा दारात आली. आत आली नाही. हात पाठीमागं बांधून, पाठ करून आणलेलं वाक्य म्हणाली, तेलुगूत. नान्ना, नेनू तप्पु चेशानु. बाबा, मी चूक केली. त्याच्या आधी ती मला नान्ना कधी म्हणाली नव्हती. पुढचा शब्द तिला येईना. "माफ..." म्हणाली आणि थांबली.

"क्षमिंचंडि," मी म्हणालो.

क्षमा करा. उपसंपादक बातमीत राहिलेला शब्द भरतो तसा. मान वर न करता. तिनं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, मी भरलेल्या शब्दासकट, बिनचूक. मी मान हलवली आणि बातमी पुरी केली. ती किती वेळ दारात होती, मला सांगता येणार नाही. मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मराठीत परत आलो. म्हटलं, चल प्रज्ञा, जेवून घे. तिनं तेलुगूत उत्तर दिलं. रुसलीय, जाईल दोन दिवसांत, असं मला वाटलं. ती रुसलेली नव्हती. आजही नाही. विचारपूस करते, औषधं पाठवते, सणाला येते. सगळं अदबीनं.

ती आठवीत असताना तिच्या शाळेनं मला पालकसभेत बोलायला बोलावलं. विषय माझाच — न मारता शिस्त. माझं झाल्यावर हेडमास्तरांनी कौतुकानं प्रज्ञाला पुढं बोलावलं, माइक दिला. तिनं तेलुगूत सांगितलं, माझ्या वडिलांनी मला कधीच मारलं नाही. टाळ्या पडल्या. सभेत निम्मे लोक तेलुगू होते, तिनं ती भाषा का घेतली असा प्रश्न कोणाला पडायचं कारण नव्हतं. मला पडला नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. त्या सभेची बातमी मीच पाठवली. तिचं वाक्य मराठीत करून चौकटीत दिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. शब्द सगळे खरे ठेवून खोटं कसं छापायचं, ते आमच्या धंद्यात येतं.

यावरून मारणं बरं, असं कोणी काढू नये. मारणं चूकच. मी तेव्हा लिहिलेलं एकही वाक्य मागं घेत नाही. मी घरात काय करत होतो ते लिहिलं नाही, एवढंच.

या उन्हाळ्यात प्रज्ञा तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्यानं माझा मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला. मी खोलीत येईपर्यंत ती त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. "काऊन टाकला रे? सांग मले." तो बादलीकडे बघत होता. ती उठली नाही. "मी हावो इथंच. तू सांग." बऱ्याच वेळानं तो म्हणाला, त्याले पोहता येते का पाहून राह्यलो होतो. ती म्हणाली, नाही येत. आता तू आणि मी मिळून तो पुसू. मग मला पाहून तेलुगूत म्हणाली, सिम काढून ठेवा, उन्हात धरू नका. मी सरे म्हणालो. बरं.

मी बाहेर आलो. मागून पोरगा विचारत होता, "आई, तू आजोबासंगं तेलुगू काऊन बोलते?"

"आजोबाले तेलुगू आवडते," ती म्हणाली.

मी दारातच होतो. तिला दिसत होतो. मी दुरुस्ती केली नाही.