उपाशी ठेवायचे चार तुकडे

चार तुकड्यांना काहीही द्यायचं नव्हतं. बस्स, एवढंच. काही न करण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नसेल. पण आमच्या प्रयोगात नेमकं तेवढंच झालं नाही, आणि ते आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी तेव्हा एका संशोधन योजनेत करारावर होते. योजना रब्बी ज्वारीची. बियाण्याला जिवाणूंचं खत चोळून पेरलं तर रासायनिक खत निम्म्यावर आणता येतं का, हे शेतकऱ्याच्या रानात करून बघायचं. आमच्या संशोधन केंद्राच्या रानात ते छान जमायचं. केंद्राच्या रानात काय हो, सगळंच जमतं! तिथं कुंपण आहे, पाणी आहे, राखणीला पगारी माणूस आहे. म्हणून जळकोटच्या शिवारात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, एका शेतकऱ्याचं रान घेतलं होतं. त्यांना मी मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा साठीच्या घरातले, बोलणं कमी, हात सतत कशात तरी गुंतलेले.

पहिल्या वर्षी काढणीच्या तोंडावर गारपीट झाली. दुसऱ्या वर्षी रानडुकरं घुसली. कुठल्या तुकड्यात कुठलं खत, याच्याशी डुकरांना काय घेणं? ती सगळीकडं सारखीच लोळली. मग उरलं तिसरं वर्ष. साहेबांनी, म्हणजे आमच्या योजनेच्या प्रमुखांनी, मला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "यंदा एक तरी धड हंगाम हाती लागला तर मुदतवाढ मागता येईल. नाही तर मार्चअखेर गाशा गुंडाळायचा." योजना गेली म्हणजे मी घरी. सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर मी बत्तीस वर्षांची झाले होते. या वयात नवी नोकरी कुठं शोधायची? हे सगळं मी मामांना पेरणीच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं होतं. मामांनी चहा संपवला. कपबशी खाली ठेवून एवढंच म्हणाले, "व्हईल नीट."

पेरणीचा दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी सकाळपासून चिडलेली होते. तुळजापूरला दुसरी एसटी मिळेना. ती मिळाली तर उभ्यानं प्रवास. पाठीवर खताच्या पुड्या. रानात पोचले तर खुंट्या ठोकणारा गडी आलेला नाही. शेवटी मी आणि मामांनीच दोरी धरून बारा तुकडे आखले. चार तुकड्यांना पूर्ण खत, चार तुकड्यांना निम्मं खत आणि जिवाणू, आणि उरलेल्या चारांना काहीच नाही. सगळे तुकडे चिठ्ठ्या टाकून उलटसुलट लावलेले. आठ पुड्या मी आठ तुकड्यांत रिकाम्या केल्या, पिशवी उलटी करून झटकली, घडी घातली आणि म्हणाले, "झालं."

मामा राहिलेल्या चार तुकड्यांकडं बघत उभे. म्हणाले, "आन् ह्यास्नी?"

"यांना काही द्यायचं नाही."

"का?"

उन्हं डोक्यावर आलेली, परतीची गाडी चुकायला आलेली. मी म्हणाले, "द्यायचं नाही म्हणजे द्यायचं नाही, मामा. तुम्ही त्यात पडू नका." आणि चप्पल झटकत बांधावर चढले.

पुढं दोन महिने सगळं कसं झकास चाललं. दर दहा-बारा दिवसांनी मी जायचे, उंची मोजायचे, पानं मोजायचे, वहीत लिहायचे. गारा नाहीत, डुकरं नाहीत. मामांनी रानाभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्या, रात्री स्वतः बाजेवर झोपायला यायचे. आणि फरक काय सुरेख दिसत होता! पूर्ण खताचे तुकडे हिरवेगार, निम्म्या खताचे आणि जिवाणूंचे जवळजवळ तितकेच हिरवे, आणि ते चार उपाशी तुकडे पिवळे, खुरटलेले, दुरूनसुद्धा ओळखू यावेत असे. मला ते पिवळे तुकडे बघून आनंदाचं भरतं यायचं. त्यांच्याशेजारी निम्मं खत उभं राहिलं की कुणालाही पटलं असतं. साहेबांना फोन करून म्हणाले, "सर, या एकदा बघायला." मामांनी ते ऐकलं आणि साहेबांना येळवशीचंच आवतण दिलं.

आमच्याकडं येळवस म्हणजे वेळा अमावस्या हा रानात साजरा करायचा सण. त्या दिवशी धाराशिवात दुकानं बंद, रस्ते ओस. ज्याला रान नाही तोही कुणाच्या तरी रानात जेवायला असतो. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पांडव म्हणून पाच दगड पुजायचे, ताकातली अंबिल, पालेभाज्या-डाळींची भज्जी, खीर, बाजरीचे उंडे असं पोटभर जेवायचं. आणि जेवण झालं की पाहुण्यारावळ्यांनी रानातून हिंडायचं. हिंडताना कुणाच्या तोंडाला कुलूप नसतं. कुणाची ज्वारी कशी, कुणाचा हरभरा कसा, कुणी आळस केला, सगळं तिथंच बोललं जातं. ही रीत मी लहानपणापासून बघत आले होते. पण तिचा आणि माझ्या चार पिवळ्या तुकड्यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

येळवशीच्या आधीचे तीन आठवडे मला जळकोटला जाताच आलं नाही. मागच्या वर्षीचा अहवाल नव्या नमुन्यात मागितला होता. तो दिला तर नमुनाच बदलला. डुकरांनी खाल्लेल्या पिकाचा अहवाल तीनदा लिहिला मी! येळवशीला सकाळी पहिल्या गाडीनं गेले. रानात कोप उभी राहिली होती, बायका पाटीतून भाकरी काढत होत्या, वीस-पंचवीस माणूस जमलेलं. मी म्हटलं, साहेब यायच्या आत एकदा तुकडे बघून येते.

बघते तर पिवळं रान गायब.

आधी वाटलं, मीच चुकीच्या बाजूनं आले. वही उघडली, नकाशा बघितला, खुंट्यांवरचे आकडे बघितले. चौथा, पाचवा, नववा, बारावा. तेच. चारही तुकडे गर्द हिरवे, भरगच्च कणसं निसवून बाहेर आलेली. मग खाली बघितलं. बाकी सगळ्या रानात काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, आणि फक्त या चार तुकड्यांत भेगा बुजलेल्या. पाणी दिलं होतं. नुसत्या पाण्यानं एवढा रंग येत नाही. युरिया पण टाकला होता.

मामी मागून आल्या. तोंड भरून हसत म्हणाल्या, "बगितलं व्हय? लई राबलं माणूस. दोन दीस बादलीनं पाणी वाहिलं. नळी लावली तर शेजारच्या तुकड्यात जाईल म्हणलं, थेंब सांडू दिला न्हाय."

माझा तोल गेला. कोपीसमोर मामा डोक्याला फेटा बांधून, हातात अंबिलीचा गडू घेऊन उभे होते. रानभर ती शिंपडत, ओलगे ओलगे असा सणाचा पुकारा करत फेरी मारायची होती. जावई, व्याही, भावकी, सगळे मागं उभे. आणि मी तिथं जाऊन ओरडले, "अहो मामा, काय करून ठेवलंत हे! तीन वर्षं! तीन वर्षांची माती केलीत तुम्ही! एवढंसं सांगितलं होतं, काही करू नका म्हणून, तेवढंही जमलं नाही?"

एका म्हाताऱ्या बाईनं "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला. मामांनी गडू दुसऱ्या हातात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग तसेच फेरीला निघून गेले. मागून पोरासोरांनी ओलगे ओलगे सुरू केलं, पण मामांचा आवाज काही त्यात ऐकू आला नाही.

साहेब जीपनं आले, पंगतीला बसले. भज्जी तीनदा मागून घेतली. मला तिथून लगेच निघायचं होतं, पण येळवशीला रानातून उपाशी उठून जाणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर थुंकल्यासारखं, एवढी अक्कल मला होती. मामी सगळ्यांना आग्रह करत होत्या, मला फक्त वाढून पुढं जात होत्या. जेवण झाल्यावर साहेबांनी हात पुसत तुकडे बघितले आणि म्हणाले, "वा, पीक छान आहे. पण फरक कुठाय?"

परतताना जीपमध्ये मी सगळं सांगितलं. साहेबांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "युरिया द्यायच्या आधीची मोजमापं आहेत ना? त्यावरून उपाशी तुकड्यांचं उत्पन्न काढता येतंय का बघ. आकडे बसतील." मी म्हणाले, "बसवलेले आकडेच द्यायचे असतील, सर, तर पेरलं कशाला? टेबलावरच पिकवलं असतं." रागात बोलून गेले. मागं घेतलं नाही, आणि घेणारही नव्हते. अहवालात मी खरं तेच लिहिलं: काही न दिलेले तुकडे बाधित, तुलना शक्य नाही. एका ओळीत तीन वर्षं संपली.

फेब्रुवारीत काढणीला गेले. जायची गरज नव्हती, पण वजनं तरी करून ठेवू म्हटलं. मामा ज्वारी उपटत होते. मी बांधावर बसले. येळवशीपासून आम्ही बोललोच नव्हतो. मी म्हणाले, "मामा, एक सांगा. मी नको म्हणाले होते ना? मग का दिलंत?"

मामांनी हातातली पेंढी खाली ठेवली. म्हणाले, "तुमी पेरणीच्या दिशी पिशवी झटकली. रिकामी व्हती. म्या इचारलं, ह्यास्नी का न्हाय, तर तुमी भडकला. म्हणलं, ह्यांच्याकडं खत कमी पडलं, आन् माणसाला असं बोलायची शरम वाटती. मग ती चार तुकडी पिवळी पडाय लागली. येळवशीला साहेब येणार. समदा गोतावळा हिंडणार, बोलणार. साहेबांनी इचारलं असतं, ही उपाशी का? तुमची नोकरी अशी टांगलेली. तुमच्यावर बालंट यायला नगं म्हणून उसाला आणलेला युरिया दिला."

माझी नोकरी वाचावी म्हणून त्या माणसानं दोन दिवस बादल्या वाहिल्या होत्या, आणि मी त्याला त्याच्याच रानात, त्याच्या व्याह्यांसमोर झापलं होतं. मला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मग जे पेरणीच्या दिवशी सांगायचं होतं ते तिथं बांधावर बसून सांगितलं. खताशिवाय हे रान आपल्या ताकदीवर किती पिकवतं ते कळल्याशिवाय खतानं किती वाढवलं हे कसं कळणार? म्हणून काही तुकडे उपाशी ठेवायचे. खत कमी पडलं म्हणून नाही, मुद्दाम.

मामांना दोन वाक्यांत कळलं. म्हणाले, "म्हंजी आडतीत आदी पोत्याचं रिकामं बारदान तोलतात आन् मग माल, तसं."

"अगदी तसंच."

"मग हे पयल्या दिशी का न्हाय सांगितलं? उपाशी ठिवली असती की. पावण्यांस्नी बी सांगितलं असतं."

ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसतं विचारत होते. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं, आणि माझ्याकडं गाडी चुकत होती याशिवाय उत्तर नव्हतं. मी येळवशीच्या बोलण्याची माफी मागितली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मामींनी वाळवून ठेवलेल्या हुरड्याची पिशवी हातात दिली. योजना मार्चात बंद होणार, हे मात्र मी बोलले नाही. त्या दिवशी ते सांगायला तोंडच नव्हतं.

योजना बंद झाली. मी आता धाराशिवातच एका बियाण्याच्या दुकानात हिशेब आणि तक्रारी बघते. ज्वारी उगवली नाही म्हणून भांडायला येणाऱ्यांना समजावते. चिडते पण.

यंदा येळवशीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात असताना माझा मोबाइल वाजला. मामा होते. आवाज कधी नव्हे तो उत्साहानं चढलेला. "मॅडम, आवंदा बारा तुकडी तशीच आखल्यात. जिवाणूचं पाकीट मीच आणलं. चार उपाशी ठिवल्यात, पार पिवळी पडल्यात बगा. काल व्याही हसाय लागलं, म्या त्यास्नी बारदानाचं सांगितलं, गप झालं. कुणाला हात लावू दिला न्हाय. काढणीला वजनाचा काटा घिऊन या. आता तुमची नोकरी कुटं जात न्हाय."

समोर गिऱ्हाईक उभं होतं, पावती मागत होतं. मी म्हणाले, "येते, मामा," आणि फोन ठेवला. तो काटा मार्चातच केंद्रात जमा केला, आणि आता ते आकडे घेणारं कुणी नाही, हे सांगायला दोन वाक्यं लागली असती. तीसुद्धा मी सांगितली नाहीत.