पुस्तकाबाहेरचा पुरावा

माझ्या भाचीनं ख्रिस्ती मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा अण्णा, म्हणजे तिचे वडील आणि माझे थोरले भाऊ, आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एका दुपारी त्यांनी मुलाच्या वडिलांना घरी बोलावलं, आणि मलाही. मी कॉलेजात इतिहास शिकवते. त्याचा या बैठकीशी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

मुलाचे वडील निवृत्त कंपाउंडर. खुर्चीच्या कडेला अवघडून बसले होते. अण्णांनी थेट विचारलं, "तुमचा येशू खरंच होऊन गेला, का नुसती गोष्ट हाय?"

"बायबलमध्ये..."

"ते नको. तुमचं पुस्तक तुमच्याच बाजूनं बोलणार की. बाहेरचा पुरावा काय?"

अण्णा माझ्याकडे वळले. "तू शिकवतीस ना? खरं काय ते सांग."

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"एक रोमन इतिहासकार होता," मी म्हणाले. "त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. तरी त्यानं लिहिलंय, की ख्रिस्ताला रोमन सुभेदारानं मृत्युदंड दिला. एका ज्यू इतिहासकारानं येशूच्या भावाला कसं मारलं ते लिहिलंय. दोघांनीही दोन-तीन पिढ्यांनंतर लिहिलं, पण बहुतेक अभ्यासक येशू होऊन गेला असंच मानतात."

"बास, एवढंच?"

इथं मला थांबता आलं असतं.

"त्या ज्यू इतिहासकाराचा आणखी एक उतारा आहे. पण त्यात मागाहून कुणीतरी येशूच्या स्तुतीची भर घातलीय."

"म्हणजे खोटं घुसडलं. कुणी?"

मुलाचे वडीलच हळू आवाजात म्हणाले, "आमच्याच माणसांनी घातलं असेल. भक्तीच्या भरात. पण चूकच ती."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. "पोराला माहीत हाय हे?"

"नाही. मलाही आजच कळलं. घरी गेलो की सांगतो त्याला."

अण्णा म्हणाले, "रविवारी त्याला घेऊन या. मी अजून व्हय म्हटलेलं नाही."

मुलाचे वडील गेल्यावर भाचीनं माझा दंड धरला. "आत्या, ते शेवटचं कशाला सांगितलंस?"

"अण्णांनी खरं काय ते विचारलं होतं."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लग्न पुढे रजिस्टर पद्धतीनं झालं. अण्णा आले, पण फारसं बोलले नाहीत. जेवायला मात्र व्याह्यांच्या शेजारी बसले.