आईनं चिंचेनं घासलेलं माझं अमेरिकन पदक

जुनी नाणी-पदकं जमवणाऱ्या मित्रांनो, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातली सात अमेरिकन स्मरणपदकं आहेत. त्यातलं शेतकी प्रदर्शनाचं, धान्यदेवीचं चित्र असलेलं ब्राँझचं पदक सकाळी फोटोसाठी काढलं आणि टेबलावर तसंच सोडून गांधीबागेत दुकानावर गेलो. चूक माझीच.

जेवायला घरी आलो तर पदक देवघरात! देवाच्या तांब्याच्या भांड्यांसोबत आईनं तेही चिंच-मीठ लावून लख्ख घासलेलं. वरून हळदकुंकू.

सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चढत गेलेली ती तपकिरी झाक, जिच्यासाठी आपण पदकाला फडकंही लावत नाही, ती गेली. आता परत येणार नाही.

"आई, हे काहून घासलं वं?"

"अरे, लक्ष्मी आहे ते! किती मळली होती बिचारी. आता पाह्य, तिच्या हातातल्या गव्हाच्या ओंब्यांचे कुसळ पण दिसून राहिले."

खरंच दिसत होती. दहा वर्षं भिंगातून पाहूनही मला ती कधी दिसली नव्हती. आईनं मात्र माहेरच्या शेतात लग्न होईपर्यंत गहू पाहिलाय. तिचा चेहरा इतका खुलला होता की मी पदक परत देवघरात ठेवलं.

आत्ताच खालून हाक आली, "बाकीच्या सहा पण काढून ठेव गा, उद्या घासून देते."

कपाटाची चावी मुठीत धरून गच्चीवर बसलोय. तिला खरं सांगू, की चावी हरवली म्हणू?